चालत्या डेटाबेसची टेबलं बदलायची? आधी सातबारा वाचा!

डीबीएमएसच्या ओरलला एक प्रश्न ठरलेला असतो, 'नॉर्मलायझेशन म्हणजे काय?' आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं. आदल्या रात्री मेसच्या जेवणानंतर पाठ केलेल्या तीन व्याख्या! पुस्तकातलं उदाहरणही तेच ते, स्टुडंट, कोर्स आणि टीचर. एक मोठं टेबल घ्यायचं, त्याची तीन छोटी टेबलं करायची, मध्ये बाण काढायचे, झालं नॉर्मलायझेशन. पण पुस्तकातली टेबलं रिकामी असतात हो. त्यांच्यात कुणाचा पैसा नसतो, कुणाची जमीन नसते. खऱ्या जगात टेबल भरलेलं असतं, दहा वर्षं वापरात असतं आणि तुम्ही ते बदलत असतानासुद्धा कुणीतरी त्यात नवीन ओळ टाकत असतं. अशा चालत्या डेटाबेसची रचना कशी बदलायची, हे सिलॅबसमध्ये जवळजवळ नाहीच. या लेखात तेच सांगायचा प्रयत्न आहे.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' ऐकलं की मला अजूनही मनात इंग्रजी आकडा म्हणून बघावा लागतो. पण माझं गाव इंदापूर तालुक्यात, आणि घरात सातबारा, आठ-अ, फेरफार हे शब्द चहा-साखरेइतके नेहमीचे. थर्ड इयरला डीबीएमएस शिकताना माझ्या लक्षात आलं की ज्याला आपण 'रिलेशनल' म्हणतो ते आपल्या गावच्या चावडीत कधीपासून चालू आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलवरचा आपला प्रसिद्ध पेपर १९७० साली लिहिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आणि गाव नमुने तर त्याच्याही आधीपासूनचे.

चावडीतली टेबलं

गावच्या जमिनीच्या हिशोबासाठी एकूण २१ गाव नमुने आहेत. त्यातले चार आपल्या कामाचे :

गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. यात जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, आकारणी, भोगवटादाराचं नाव आणि इतर हक्क असतात. एक गट (किंवा त्याचा हिस्सा), एक पान.

गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. कुठल्या हंगामात कुठल्या क्षेत्रावर कुठलं पीक होतं ते यात. हे दोन नमुने एकाच कागदावर येतात म्हणून 'सात-बारा'.

गाव नमुना ८-अ म्हणजे खातेउतारा. इथे ओळख गटावरून नाही, तर खातेदारावरून. एका खात्यावर गावात कुठकुठली जमीन आहे ते यात दिसतं.

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे काही बदललं त्याची इथे क्रमांकानं नोंद होते.

आता बघा. सातबाऱ्यावर खाते क्रमांक असतो, तो आठ-अ कडे बोट दाखवतो. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तो नमुना ६ कडे बोट दाखवतो. हीच आपली फॉरेन की! आणि एखादा माणूस स्वतःच्या एकट्याच्या खात्यात असतो, शिवाय भावांबरोबरच्या सामाईक खात्यातही असतो. म्हणजे 'मेनी टू मेनी' संबंधसुद्धा चावडीनं सोडवलेला आहे.

प्रश्न उसाचा

आता सातबाऱ्याला लागूनच असलेलं एक उदाहरण घेऊ. आपल्या भागात ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती आणि बिजवडीचा कर्मयोगी, अशा कारखान्यांना ऊस जातो. ऊस लावला की त्याची नोंद द्यायची. पुढे लागणीची तारीख आणि उसाची जात बघून तोडीचा कार्यक्रम लागतो. पुढची टेबलं यातल्या कुठल्याही कारखान्याची नाहीत. समजावण्यासाठी मीच तयार केलेली आहेत.

समजा, एका ठिकाणी 'ऊसनोंद' नावाचं एकच मोठं टेबल आहे. त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, मोबाइल आणि बँक खातं, सगळं एकाच ओळीत. त्यात तीन ओळी अशा :

ओळ १ : रामभाऊ, गट ११२, क्षेत्र ८० आर.
ओळ २ : राम भाऊ (मध्ये स्पेस!), गट २४५, क्षेत्र ६० आर.
ओळ ३ : ज्ञानदेव, गट ११२, क्षेत्र ४० आर.

रामभाऊ आणि ज्ञानदेव सख्खे भाऊ. गट ११२ दोघांच्या सामाईक, गट २४५ एकट्या रामभाऊंचा. एकूण क्षेत्र १८० आर. रामभाऊंनी बँक खातं बदललं, क्लार्कनं ओळ १ मध्ये नवीन खातं टाकलं, ओळ २ तशीच राहिली. आता बिल कुठल्या खात्यात जाणार? कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तर ही दोन वेगळी माणसं आहेत! पुस्तकात याला 'अपडेट ॲनोमली' म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत याला 'पैसे अडकले' म्हणतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, आणि इकडे एका स्पेसपायी बिल बंद पडलेल्या खात्याकडे चाललंय.

उपाय आपल्याला माहीत आहे. एका टेबलाची चार करायची : 'शेतकरी', 'गट', या दोघांना जोडणारं 'धारण' (कुठल्या गटात कोण कोण आहे), आणि 'नोंद' (कुणी कुठल्या गटात कधी किती ऊस लावला). मोबाइल आणि बँक खातं फक्त 'शेतकरी' मध्ये, एकदाच. कागदावर हे दहा मिनिटांचं काम आहे. खरी कसोटी इथून पुढे!

पहिली गोष्ट : ओळख कशावरून?

नवीन टेबलाची प्रायमरी की काय ठेवायची? पटकन वाटतं गट नंबर. पण गट ११२ प्रत्येक गावात असू शकतो. मग गाव आणि गट मिळून? गावाच्या नावाचीही गंमत आहे. आपल्या शेजारीच माळेगाव बुद्रुक आणि माळेगाव खुर्द अशी दोन गावं आहेत. टाइप करणाऱ्यानं घाईत नुसतं 'माळेगाव' लिहिलं की संपलं.

शिवाय गट नंबर बदलतो. भावाभावांत वाटणी झाली की ११२ चे ११२/१ आणि ११२/२ होतात. की बदलली तर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या ओळी बदलाव्या लागतात. म्हणून ज्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही असा एक साधा चालू क्रमांक की म्हणून द्यावा, आणि गाव, गट, हिस्सा या तिघांवर मिळून 'युनिक'ची अट घालावी. शासनानंही शेवटी हेच केलंय. गावांना संकेतांक दिले आणि अलीकडे सातबाऱ्यावर यूएलपिन नावाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही छापतात.

दुसरी गोष्ट : जोडतक्ता

जुन्या ओळीचं नवीन रचनेत काय झालं, हे सांगणारं एक जास्तीचं टेबल करावं. एका बाजूला जुना क्रमांक, दुसऱ्या बाजूला नवा. बरेच जण हे करत नाहीत, केलं तरी काम झाल्यावर पुसून टाकतात.

चावडीनं हे फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. १९४७ साली तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवीन गट नंबर आले. म्हणजे अख्ख्या गावाच्या टेबलाची की एकदम बदलली! आणि ती एकास एक अशीही नव्हती. कुठे दोन-तीन जुने नंबर मिळून एक गट झाला, कुठे एका जुन्या नंबराचे भाग वेगवेगळ्या गटांत गेले. त्या वेळी जुना नंबर कुठल्या गटात गेला याचं पत्रक तयार झालं. त्याचा उतारा आजही लागतो. आजोबांच्या जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर दोन्ही एकच जमीन आहे हे त्या पत्रकाशिवाय दाखवणार कसं? म्हणून जोडतक्ता टाकायचा नसतो, जपायचा असतो. आणि एका जुन्या ओळीच्या दोन नव्या होत असतील, तर कुठे किती क्षेत्र गेलं तेही त्यात लिहायचं.

तिसरी गोष्ट : खोडायचं नाही

हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव रबरानं खोडत नसत. त्याला कंस करायचे, बाजूला फेरफार क्रमांक लिहायचा आणि खाली नवीन नाव. कॉम्प्युटरच्या नवीन नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली, पण तत्त्व तेच. जुनं दिसलं पाहिजे आणि ते का बदललं तेही कळलं पाहिजे. आपण मात्र 'डिलीट' आणि 'अपडेट' मारून मोकळे!

इंदापूर तालुक्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. उजनीच्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातली गावं गेली. जुनं पळसदेव त्यातलंच, पाणी उतरलं की तिथलं देऊळ अजून वर दिसतं. जमीन पाण्याखाली गेली, पण कुणाची किती गेली हा प्रश्न बुडत नाही. मोबदला आणि पर्यायी जमीन त्याच जुन्या नोंदीवर ठरते. 'आता ही जमीन नाहीच, मग ओळ कशाला ठेवायची?' असं म्हणून कुणी ती ओळ पुसली, तर त्या घराचा हक्कच पुसला जाईल. म्हणून आपल्या टेबलात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम ठेवावेत. ओळ बंद करावी, नष्ट करू नये.

चौथी गोष्ट : अंदाजानं भरायचं नाही

जुन्या टेबलात रिकाम्या जागा असतात. लागणीची तारीखच नाही. नवीन टेबलात मात्र आपण हौसेनं 'नॉट नल' लावलेलं असतं. मग एरर येऊ नये म्हणून १ जानेवारी टाकायची का? अजिबात नाही! आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आडसाली उसाला १ जानेवारी लावली, तर तो कागदावर सुरू हंगामाचा होतो आणि तोडीच्या पाळीत महिनोन् महिने मागे जातो. ऊस शेतात उभा वाळतो, वजन घटतं. नलची जागा नलच राहू द्यावी आणि अशा ओळींची वेगळी यादी काढून माणसाकडे द्यावी.

तसंच एककांचं. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात, नवीन हेक्टर-आरमध्ये. बोलताना आपण 'गुंठा म्हणजे एक आर' म्हणतो, पण खरं बघितलं तर एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४०.४७ आर. सरळ ४० लिहिलं तर एकरामागे ४७ चौरस मीटर जागा गायब! (हॉस्टेलच्या तीन-चार खोल्या बसतील तेवढ्यात.) म्हणून मूळ आकडा आणि मूळ एकक दोन्ही ठेवावं, रूपांतर वेगळ्या कॉलममध्ये.

आणि 'रामभाऊ' व 'राम भाऊ' एकच आहेत हे कोण ठरवणार? कॉम्प्युटर फक्त संशय घेऊ शकतो. मोबाइल सारखा, गाव सारखं, नाव जवळचं, तर 'बहुतेक एकच' असं म्हणू शकतो. निर्णय माणसाचा. फेरफाराची नोंद झाली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तलाठी (म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी) एकटेच लिहून मोकळे होत नाहीत. आपल्यालाही अशी एक यादी छापून, संबंधितांना दाखवून, मगच ओळी एकत्र करता येतील. एकाच नावाची दोन माणसं चुकून एक झाली, तर एकाचा ऊस दुसऱ्याच्या खात्यावर!

आता प्रत्यक्ष क्रम

१) बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर परत चढवून बघा. न चढवून बघितलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला जेवणाचा डबा. आत काय आहे देव जाणे!

२) नवीन टेबलं जुन्याच्या शेजारी तयार करा. जुन्याला अजून हात लावू नका.

३) आधी पालक टेबलं भरा, म्हणजे 'शेतकरी' आणि 'गट'. मग 'धारण'. शेवटी 'नोंद'. उलट केलंत तर फॉरेन की ओळ आत घेणार नाही. आणि की बंद करून भरायचा मोह टाळा, कारण अनाथ ओळी अशाच आत शिरतात.

४) दर टप्प्याला मोजा. आपल्या उदाहरणात शेतकरी २, गट २, धारणच्या ओळी ३, नोंदी ३ आणि क्षेत्र १८० आर यायलाच पाहिजे. इथे एक गंमत बघा. कुणी 'नोंद' आणि 'धारण' ही दोन टेबलं नुसत्या गटावरून जोडली, तर काय होईल? गट ११२ च्या २ नोंदी आणि २ धारक, म्हणजे ४ ओळी. गट २४५ ची १. एकूण ५ ओळी, आणि क्षेत्राची बेरीज होते ३०० आर! एरर येत नाही, क्वेरी छान चालते, फक्त १२० आर ऊस हवेतून उगवतो. जोडताना गट आणि शेतकरी दोन्ही घेतले की परत १८०. म्हणून ओळींची संख्या आणि क्षेत्राची बेरीज दोन्ही तपासायच्या, गावनिहाय तपासायच्या.

५) हे सगळं ट्रॅन्झॅक्शनमध्ये करा, पण आपला डेटाबेस ओळखून. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञासुद्धा रोलबॅक करता येते. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये तशी आज्ञा दिली की आपोआप कमिट होतं. तिथे 'चुकलं तर रोलबॅक करू' या भरवशावर राहता येत नाही.

६) काम चालू असताना येणाऱ्या नवीन नोंदींचं काय? एक तर रात्री थोडा वेळ नोंद बंद ठेवा, नाहीतर ट्रिगर लावून नवीन ओळ दोन्हीकडे जाऊ द्या. गळीत हंगामात काटा दिवसरात्र चालू असतो, उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. म्हणून शक्यतो हे काम हंगाम संपल्यावरच काढावं.

७) जुने रिपोर्ट जुन्याच टेबलाचं नाव घेऊन चालतात. मग जुन्या टेबलाचं नाव बदला आणि 'ऊसनोंद' याच नावाचा एक व्ह्यू तयार करा. तो आतून चार टेबलं जोडेल आणि बाहेरून जुन्यासारखाच दिसेल. बिलाचा रिपोर्ट काढणाऱ्या काकांना काही बदललंय हे कळणारही नाही. हीच खरी शाबासकी! फक्त जे प्रोग्रॅम 'ऊसनोंद' मध्ये लिहितात ते वेगळे शोधून काढा, कारण अनेक टेबलं जोडलेल्या व्ह्यूमध्ये सरळ इन्सर्ट करता येईलच असं नाही.

८) जुनं टेबल निदान एक पूर्ण हंगाम तसंच राहू द्या, फक्त वाचण्यापुरतं. शेवटच्या बिलापर्यंत हिशोब जुळला की मग त्याला निरोप द्या. जोडतक्ता मात्र ठेवा.

कशासाठी एवढं?

कुणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन सॉफ्टवेअर घ्या आणि पहिल्यापासून भरा. पण पहिल्यापासून भरायचं म्हणजे शेतकऱ्यानं परत रांगेत उभं राहायचं, परत उतारे काढायचे, परत हेलपाटे मारायचे. आपलं दोन दिवसांचं काम वाचवायला दुसऱ्याचे दोनशे दिवस खर्च करायचे, हे काही इंजिनिअरिंग नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना १२ मधली नोंद आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू शकतो. म्हणजे ओळ भरणारा माणूस बदलला, तरी तिचं गट आणि खात्याशी असलेलं नातं तेच राहिलं. टेबलं बदलताना सांभाळायचं असतं ते हे नातं. कॉलम काय, कधीही वाढवता येतात.

थर्ड इयरच्या मित्रमैत्रिणींना एकच विनंती. मिनी प्रोजेक्टला तोच तो लायब्ररी मॅनेजमेंटचा विषय घेऊ नका. सुट्टीत घरी गेलात की आपलाच आठ-अ आणि सातबारा काढा, दोन्ही शेजारी ठेवा आणि कुठला आकडा कुठे जोडलाय ते पेन्सिलनं रेघ मारून बघा. नाही समजलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना जॉईन हा शब्द माहीत नसेल, पण जोडणी नक्की माहीत असते. आणि सर-मॅडम, ओरलला तीन व्याख्यांऐवजी एखादा खरा उतारा समोर ठेवून 'याची टेबलं कर' असं विचारलंत, तर आम्ही थोडं घाबरू, पण शिकू मात्र नक्की!